बुचाला बांधलेली सुतळी

सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी खाडीकाठच्या बाकावर बसून नीरेचा दुसरा ग्लास पीत होतो. हे माझं कामच होतं. दारूबंदी खात्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो आणि त्या दिवशी साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून आलो होतो. पहिला ग्लास तपासणीसाठी होता. दुसऱ्याचं कारण मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

जागा म्हणजे म्हसळ्याच्या बाजूच्या एका धक्क्यावरची झावळ्यांची शेड. राघोबा माडावर चढून नीरा काढायचे. त्यांची बायको येसूबाई चुलीशी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि मांदेली तळायची. लाँचची वाट बघणारे, मासळीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका, कचेरीच्या कामाला निघालेले लोक, सगळे तिथे टेकत. ग्लासभर नीरा, भाकरी, वर चार मांदेली, आणि लाँच दिसली की उठायचं. शेडीबाहेर सरकारी लायसन्सची पाटी होती. पाटी सरळ लावलेली होती. मी दौऱ्याच्या डायरीत तेही लिहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माडाच्या पोयीला, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याला, छेद देऊन तिथे मडकं बांधतात. मडक्याला आतून चुना लावलेला असतो, त्यामुळे रस आंबत नाही. पहाटे मडकं उतरवलं की ती नीरा. गोड असते, लहान मुलांनाही चालते. तीच नीरा तशीच ठेवली, ऊन लागलं, की तिला फेस येतो आणि तिची माडी होते. माडी चढते. नीरेला लायसन्स होतं आणि माडीला तुरुंग होता. झाड एक, मडकं एक. मधे फक्त काही तास.

म्हणून नमुना घ्यायची पद्धत ठरलेली होती. दोन बाटल्या भरायच्या. एक मुंबईच्या प्रयोगशाळेला, एक आपल्या ऑफिसात. प्रत्येक बाटलीत आंबणं थांबवणारं औषध टाकायचं, बूच मारायचं, लाखेचं सील करायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. औषध टाकलं की नीरा तिथल्या तिथे थांबते. प्रयोगशाळेने महिन्याने बाटली उघडली तरी ती त्या सकाळचीच असते.

मी तिथे गेलो होतो एका निनावी अर्जामुळे. ‘येथील नीरा चढते’ एवढंच त्यात होतं. असे अर्ज आम्ही फाईल करत असू. पण आठवड्यापूर्वी अलिबागला मीटिंग झाली होती. वरिष्ठांनी माझा पकडलेल्या केसेसचा तक्ता हातात धरला आणि विचारलं, तुमच्या हद्दीत दारू नाही?

“सापडली नाही, साहेब.”

“मग तुमचं तिथे काय काम? जिथे सापडते तिथे पाठवतो तुम्हाला.”

माझ्या बायकोला तेव्हा आठवा महिना होता. मी घाटावरचा, इथे आमचं कोणी नव्हतं. बदली म्हणजे त्या अवस्थेत तिला घेऊन नव्या गावी बिऱ्हाड करायचं. हे मी कारण म्हणून सांगतो आहे. सबब म्हणून नाही. दोन्हींतला फरक मला बऱ्याच वर्षांनी कळला.

तर मी बाकावर बसलो होतो आणि शेडीतलं बोलणं थांबलं होतं. येसूबाईने भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सायेब, गिऱ्हाईक व्हायचं तर पायात वहाणा घालून यावं. त्या बुटांनी सगली मान्सं मुकी केलीत.”

बाकावरचे दोघे ग्लासात बघून हसले. मी माझे बूट बाकाखाली ओढून घेतले. मग ओळख सांगितली.

राघोबा पन्नाशीचे असतील. छातीवर आणि पोटऱ्यांवर माड घासून घासून कातडी जाड झालेली. त्यांनी मडकी दाखवली, चुना दाखवला, लायसन्स दाखवलं. सगळं नियमात होतं. नीरा गोड होती हे मला माहीत होतं, कारण दोन ग्लास माझ्या पोटात होते. मी परत निघायला हवं होतं. पण निनावी अर्जावर दौरा केला आणि हात हलवत परतलो असं डायरीत लिहायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, नमुना घेतो.

बाटल्या भरल्या तेव्हा लक्षात आलं की औषध ऑफिसातच राहिलं आहे.

राघोबांनी आधीच्या साहेबांना नमुने घेताना पाहिलं होतं. मी बूच उचललं तशी त्यांनी विचारलं, “यात काय टाकायचं न्हाय का?”

“ऑफिसात टाकतो,” मी म्हणालो. सील केल्यावर ऑफिसात टाकता येत नाही, हे त्यांना न कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी मान हलवली. सरकारी माणूस आहे, त्याला ठाऊक असेल, अशी ती मान होती. पंचांनी सह्या केल्या. पंचनाम्याचा फॉर्म छापील होता. त्यात एक ओळ आयतीच असायची: ‘नमुन्यात विहित औषध टाकून बाटली सीलबंद केली.’ औषध टाकलं नसेल तर ती ओळ पेनाने खोडायची असते. मी ती खोडली नाही. लाँच येत होती.

त्यानंतर शिमगा आला. कोकणात शिमग्याला ऑफिस नावापुरतं उघडं असतं. बाटल्या माझ्या लाकडी कपाटात राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि गोविंद शिपाई बसलो होतो. कपाटात फट् असा आवाज झाला.

गोविंदने विडी तोंडातून काढली. “सायेब, कपाट बोललं.”

उघडून पाहिलं. ऑफिसात ठेवायच्या बाटलीचं बूच लाखेच्या सीलसकट उडून वरच्या फळीला लागलं होतं. फेस फायलींवर सांडला होता. वास घ्यायची गरज नव्हती. माझ्या कपाटात, माझ्या कुलपात, तीन दिवसांत माडी तयार झाली होती. लायसन्स नसताना.

त्या वेळी एका ओळीचं पत्र लिहायचं होतं: नमुना सदोष, रद्द समजावा. पत्राचा मसुदा मी मनात केलासुद्धा. मग मला अलिबागचा तक्ता आठवला. मी गोविंदला सुतळी आणायला सांगितलं. दुसऱ्या बाटलीचं बूच तग धरून होतं. त्यावरून सुतळीचे चार वेढे घेतले, गळ्याशी घट्ट गाठ मारली आणि ती बाटली मुंबईला रवाना केली. गोविंद म्हणाला, “ही आता बोलायची न्हाय.”

रिपोर्ट आला. नमुन्यात मद्यार्क आढळला. वरिष्ठांनी शाबासकीचं पत्र पाठवलं. बदली टळली. मुलगी झाली.

केस कोर्टात उभी राहिली. राघोबांनी वकील केला नव्हता. आपण काही केलं नाही तर वकील कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. येसूबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. मी पंचनामा वाचून दाखवला, छापील ओळीसकट. आरोपीला काही विचारायचं आहे का, असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

राघोबा म्हणाले, साहेबांनी त्या दिवशी दोन गिलास घेतले. त्यांना चढली का, ते विचारा.

कोर्टात हसू झालं. मॅजिस्ट्रेटनी मला विचारलं. मी म्हणालो, नाही, चव गोड होती. ते म्हणाले, चवीवर कोर्ट चालत नाही, रिपोर्टवर चालतं. मग त्यांनी टेबलावरची बाटली पुढे सरकवली. प्रयोगशाळेने ती रिकामी करून परत पाठवली होती. बूच निघालं होतं, पण सुतळी गळ्याशी तशीच लोंबत होती.

राघोबा ती बाटली बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं, रस कधी उठतो आणि किती जोराने उठतो.

“सायेब,” ते मला म्हणाले, “माज्याकडून नेली तवा ही सुतली नव्हती. ही कशाला?”

मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडे पाहिलं. ते देशावरचे होते. त्यांना त्या प्रश्नात काही दिसलं नाही.

“प्रवासात सुरक्षित राहावी म्हणून,” मी म्हणालो.

राघोबांनी मान हलवली. धक्क्यावर हलवली होती तशीच, पण या वेळी माझ्याकडे बघत. तीन महिने शिक्षा झाली आणि लायसन्स रद्द झालं. लायसन्स नसेल तर माडाला छेद देता येत नाही. शेड त्या पावसाळ्यात पडली. वर्षभरात धक्क्यापलीकडे गूळ आणि नवसागराची हातभट्टी लागली. लाँचची वाट बघणारे तिकडे बसू लागले. पूर्वी त्या धक्क्यावर दारू मिळत नव्हती.

माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी त्या गावी गेलो. दौरा नव्हता. वहाणा घालून गेलो. राघोबा अंगणात काथ्याचा सुंभ वळत बसले होते. येसूबाईने मला ओळखलं, पायांकडे पाहिलं आणि पाणी आणून ठेवलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. औषध, कपाट, बूच, सुतळी.

“ठाव हाय,” राघोबा म्हणाले. हात थांबले नव्हते.

“मग कोर्टात बोलला का नाहीत?”

“बोललो की. सुतली कशाला, म्हनून इचारलं. उत्तर तुमी दिलंत.”

मी काय करू शकतो, असं विचारलं. ते म्हणाले, आता या वयात माडावर चढवत नाही. निघताना त्यांनी वळलेल्या सुंभाचा हातभर तुकडा तोडून माझ्या हातात दिला.

“पुढल्या बाटलीला ह्यो बांधा. सुतली ढिली पडते.”

तो सुंभ माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी अजून याच खात्यात आहे, आता पंचनामे तपासून सही करायचं काम माझ्याकडे असतं. ज्युनिअर लोक माझ्यामागे हसतात, कारण मी प्रत्येकाला विचारतो की छापील ओळ वाचलीस का. खरी नसलेली ओळ पेनाने खोडायला साधारण दोन सेकंद लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. लाँच तेवढ्यात सुटत नाही.