नवस आईचा, मांड्या माझ्या

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी जिममध्ये पहिल्यांदा नव्वद किलो वजन जमिनीवरून मांडीपर्यंत उचललं. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. कुवेंपुनगरला घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने विचारलं, "म्हणजे किती सिलिंडर?"

"भरलेली तीन."

"मग परत खाली का ठेवलंस?"

हे असं. न थांबता तीन किलोमीटर पोहले त्या दिवशी म्हणाली, "आणि पोचलीस कुठं?" मी म्हटलं, निघाले तिथंच, तलावाच्या भिंतीला. त्यावर ती "अय्यो" म्हणाली आणि अवऱ्याच्या शेंगा सोलू लागली.

कॉलेजात असताना माझी विद्यापीठाच्या पोहण्याच्या संघात निवड झाली होती. स्पर्धेला तीन आठवडे उरले आणि खांदा सुजला, हात डोक्यावर जाईना. स्पर्धा गेली. मग लग्न, मुलं, बँकेतली नोकरी. वीसेक वर्षं मी त्या खांद्याला शिव्या घातल्या आणि चाळिशी उलटल्यावर त्याच खांद्याची मनधरणी करायला बसले. आधी रबरी पट्टा, मग एक किलोचा डंबेल. पहिला पुलअप निघायला चौदा महिने लागले. आई हे सगळं बघत होती, पण "बरं केलंस" एवढे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. मला ते हवे होते. या वयात आईच्या शाबासकीसाठी झुरावं, याचाही मला संतापच यायचा.

तर मागच्या हिवाळ्यात एक दिवस ती म्हणाली, "माझं एक हरके राहिलंय ग."

हरके म्हणजे नवस. आमच्या घरातली मराठी अशीच, निम्मी कन्नडात. नवस होता चामुंडीच्या डोंगरावर हजार पायऱ्या चढायचा आणि प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावायचा.

"माझे गुडघे गेले. तू एवढी सिलिंडरं उचलतेस की, तूच कर."

"नवस कसला?"

"तुझ्यासाठीच बोललेली. कॉलेजात होतीस तेव्हा."

मी विरघळलेच. जी बाई एकदाही मला पोहताना बघायला आली नाही, तिने माझ्यासाठी देवीला साकडं घातलं होतं! माझी निवड व्हावी म्हणूनच असणार, असं मी परस्पर ठरवूनही टाकलं.

पुढच्याच रविवारी उजाडता उजाडता सुरुवात केली. वाका, हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, उठा, एक पायरी चढा. शंभराव्या पायरीपर्यंत मजा वाटली. तीनशेला मांड्या थरथरायला लागल्या. चढणारे एक काका थांबून म्हणाले, "गुडघ्यातून वाकू नका मॅडम." माझ्या मांड्यांनी काय काय उचललंय ते त्यांना सांगावंसं वाटलं, पण दम नव्हता. सातशेच्या आसपास नंदी आहे, तिथवर गाडी येते. नवऱ्याने आईला तिथे आणून बसवलं होतं. मला वाटलं, निदान पाणी तरी विचारेल.

"मधल्या वळणावर एक पायरी सुटली बघ," ती म्हणाली. इथून तिला ते वळण दिसतही नव्हतं.

शेवटच्या तीनशे मी निव्वळ रागावर चढले. वर पोचले तेव्हा बोटं पिवळी, साडीचा काठ लाल, आणि पाय माझे नव्हतेच. आई गाडीने आधीच वर येऊन कट्ट्यावर बसली होती. तिच्या शेजारी मी कोसळलेच.

"माझी निवड व्हावी म्हणून बोललीस ना नवस?" मी विचारलं. म्हटलं, आता तरी ते दोन शब्द येतील.

"निवड? नाही ग. पोहणं सुटावं म्हणून."

मी सरळ उठून बसले.

"पाच वाजता अंधारात जायचीस. दोरीवर तुझा ओला टॉवेल दिसेपर्यंत कॉफी घशाखाली उतरायची नाही माझ्या. चामुंडीला म्हटलं, हिचं हे पाणी सोडव. लगेच खांदा सुजला. तिनं ऐकलं, मीच फेडलं नाही. म्हणून तर या वयात तुझं परत सुरू झालं." तिने समाधानाने माझ्या पिवळ्या बोटांकडे बघितलं. "आता फिटलं. साकु."

साकु म्हणजे पुरे. माझं पोहणं बंद पडावं म्हणून मी स्वतः, एक एक पायरी वाकून, हजार पायऱ्या चढले होते! तेही चाळिशीनंतर घाम गाळून कमावलेल्या ताकदीवर. मला ओरडायचं होतं. पण तो टॉवेल डोळ्यांपुढून हलेना. मी आले की ती पाठमोरी चुलीशी असायची, आणि मला वाटायचं, हिला काही पडलेली नाही.

मी उठले, चप्पल काढली आणि लंगडत देवळात जाऊन रांगेत उभी राहिले.

बाहेर आल्यावर आईने संशयाने विचारलं, "काय मागितलंस?"

"खांदा टिकू दे म्हटलं. टिकला तर पुढच्या वर्षी परत हजार पायऱ्या."

माझ्या हातातली हळदीची रिकामी डबी घेऊन तिने आत डोकावून बघितलं.

"मग मोठी डबी घे," ती म्हणाली. "आणि वर आल्यावर आधी पाणी पी. ओठ बघ कसे सुकलेत."