सकाळी अकराचं ऊन

शहरभर त्याला झाडवाला म्हणत. सहा वर्षांत त्यानं रस्त्यांच्या कडेनं अकरा हजार झाडं लावली होती, पण स्वतःच्या दोन खोल्यांत एक कुंडीही नव्हती. पाणी घालायला घरी थांबतो कोण!

पालिकेनं मोहीम सोपवली, तेव्हा त्यानं एकच नियम केला: जी गल्ली जास्त तापते, तिला झाडं आधी. बंदुकीसारखा तापमापक रस्त्यावर रोखायचा, आकडा वहीत लिहायचा. पुढारी आले, दुकानदार आले. कुणाची डाळ शिजली नाही. माणूस सरळ होता आणि त्या सरळपणाचा त्याला थोडा माजही होता, खोटं कशाला सांगायचं.

मग ताई आली. आई गेल्यावर हिनंच शाळा सोडून त्याला वाढवलं होतं, आणि आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

"बाबू, दुपारी खोलीत बसवत नाही रे. खिडकीसमोर एक झाड लाव ना."

त्यानं वही उघडली. ताईच्या गल्लीचा आकडा अडतीस. यादीत पार तळाला.

"नियम सगळ्यांना सारखा, ताई. घरच्यांना आधी दिलं तर लोक तोंडात शेण घालतील."

ताई उठून गेली. मग तिनं फोन उचलणं सोडलं, आणि हाही अडून बसला. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायचा, ते बंद झालं. आता तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच दोन घास पोटात ढकलायचा. एकट्यासाठी ताट कोण वाढून घेणार? अशी चार वर्षं गेली.

या उन्हाळ्यात एका कामासाठी तो दुपारी तीनला ताईच्या गल्लीत शिरला. डांबर चपलेला चिकटत होतं. त्यानं सवयीनं तापमापक रोखला. बावन्न. पुन्हा रोखला. बावन्नच.

त्यानं जुनी वही काढली. आकड्यापुढे वेळ लिहिली होती: सकाळी अकरा. अकराला समोरच्या उंच गोदामाची सावली अख्ख्या गल्लीवर असते. रविवारी जेवून तो साडेअकरालाच निघायचा; ऊन यायचं बारानंतर. ताई सांगत होती, तरी यानं तिच्यापेक्षा वहीवर विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः खड्डा खणून खिडकीखाली रोप लावलं. ज्याच्या खिडकीसमोर झाड, त्याची सही लागते, म्हणून वही घेऊन तीन जिने चढला. ताईनं दार उघडलं. केस पार पांढरे झालेले. मागे खिडकीवर ओली चादर टांगलेली.

"माझं चुकलं, ताई. मी चुकीच्या वेळी मोजलं."

ताईनं खिडकीतून खाली पाहिलं. रोप गुडघ्याएवढं होतं.

"सावली इथवर कधी येईल?"

हा प्रश्न त्याला हजारो लोकांनी विचारला होता. दहा-बारा वर्षं, असं तो प्रत्येकाला तोंडावर सांगायचा. ताई चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

"येईल की. दोन-तीन वर्षांत."

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. लहानपणी तो शाळा बुडवून यायचा, तेव्हा पाहायची तसं.

"मी झाड मागितलं तेव्हा खरं बोललास," ती म्हणाली, "आणि आता खोटं बोलतोस होय रे?"

तिनं सही केली, वही त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

खाली जाऊन त्यानं रोपाला पाणी घातलं.