सिलोनचा दाखला

सिलोनला सुट्टीत जायचं ठरलं ते अप्पांच्या हौसेपायी. अप्पा, म्हणजे माझे वडील, कुंभकोणच्या शाळेत इंग्रजी शिकवत. तिथला गणिताचा मास्तर आदल्या मे महिन्यात सिलोन पाहून आला आणि वर्षभर त्याचं तेच चऱ्हाट चाललं होतं. कँडीचं तळं, नदीत डुंबणारे हत्ती, दालचिनीची बनं. अप्पांना ते सोसवेना. फाल्गुनातच त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक आणलं, भिंतीवर नकाशा ठोकला आणि रोज संध्याकाळी आम्हाला समोर बसवून बेत सांगायला लागले. कोलंबोत चार दिवस, कँडीत तीन. आईनं वाटेसाठी मेतकूट दळलं, चिंचेचा कोळ तेलात आटवून ठेवला. मी चौदा वर्षांची होते आणि हत्तींच्या नावानं मीही हुरळले होते, ते नाकारत नाही.

घरात आत्या होती, अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर एका मुलाला घेऊन भावाकडे आली. पण ती भावाच्या जिवावर बसली नाही, हे मीच सांगते, कारण आमच्या घरात ते कुणी सांगत नसे. सकाळी ती यात्रेकरूंच्या अन्नछत्रात पगारावर रांधायची. संध्याकाळी आमच्या चुलीपाशी असायची, तिथं पगार नव्हता. तिचा मुलगा सतराव्या वर्षी कोलंबोला एका खानावळीत कॉफी करायला गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. मालक रजा देईना. वर्षातून दोनदा कार्ड यायचं, त्यात 'क्षेम आहे' याच्यापलीकडे अक्षर नसायचं. ती मात्र ते कार्ड माझ्याकडून चार-चारदा वाचून घ्यायची.

बेत कानावर आला तशी ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि म्हणाली, मीही येते, तुमचे हत्ती तुम्ही बघा, मला त्या खानावळीच्या दारात नेऊन सोडा. अप्पा हो म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे ते हो.

घोडं अडलं ते छावणीपाशी. तिसऱ्या वर्गानं सिलोनला जाणाऱ्यांना बोटीआधी पाच दिवस सरकारी छावणीत डांबून ठेवत. रोगराई नको म्हणून टोचायचे, कपडे वाफेत घालायचे, चहाच्या मळ्यांवर निघालेल्या मजुरांच्या रांगेत उभं करायचे. दुसऱ्या वर्गाचं तिकीट मास्तराच्या पगारात कुठलं? हे कळल्यावर अप्पांचं डोकंच फिरलं. आपले आजे-पणजे तंजावरच्या दरबारात मानानं बसत आणि आपण मजुरांत बसायचं, म्हणून दोन दिवस त्यांनी साहेबाच्या नावानं बोटं मोडली. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता. कसला अभिमान नि काय! त्यांना नियमाचा राग नव्हताच. आपण नियमाच्या कुठल्या बाजूला पडलो, एवढाच राग होता. कारण प्रतिष्ठित कुटुंबाला मोठ्या अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला मिळाला तर छावणी चुकते, घरची नोकरमाणसंही सुटतात, असं कुणी सांगितल्याबरोबर त्यांचा राग पार विरला.

दाखल्याचा अर्ज मी लिहिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. अप्पा इंग्रजीत सांगत होते. नाव, नातं, व्यवसाय. आत्यापाशी आल्यावर ते थांबले. बहीण लिहावं तर व्यवसाय काय लिहायचा? 'काही नाही' लिहिता येईना, कारण कचेरीतला शिरस्तेदार अन्नछत्रात जेवून गेलेला होता आणि आत्याला तिथली सैपाकीण म्हणून ओळखत होता. मास्तराची बहीण पगारावर रांधते हे कळलं तर आपण कसले प्रतिष्ठित? अप्पांनी थोडा वेळ मिशी ओढली आणि मग नात्याच्या रकान्यात 'नोकर' लिहायला सांगितलं.

माझा हात थांबला.

"लिही," अप्पा म्हणाले. "नुसता कागद आहे."

मी लिहिलं. वळणदार, ठळक लिहिलं. अजून आठवलं की तो हात तोडून टाकावासा वाटतो.

दाखला शिक्का होऊन आला, त्या दिवशी घरात सण होता. आत्याला इंग्रजी येत नव्हतं. तिनं कौतुकानं कागदावर बोट ठेवून मला विचारलं, ह्यात मी कुठं आहे, मला काय म्हटलंय? मी आधी कागदाची घडी घालायला लागले. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं.

ती उठली आणि अप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"छत्रात रांधते, तर तसं लिहायचं होतंस. तुझ्या घरात रांधते ती बहीण म्हणून. हा कागद घेऊन मी माझ्या लेकाच्या दारात जायची नाही."

अप्पांनी तिला समजावलं, मग दरडावलं. सोवळ्यातली बाई मजुरांत पाच दिवस काढणार, गावात तोंड कुठं दाखवू, म्हणाले. ती तोवर गाठोडं बांधायला बसली होती. जवळच्या आडुतुरै गावचा एक मुकादम मळ्यावर माणसं घेऊन निघाला होता, त्यात बाया होत्या. त्यांच्यासोबत ती पुढच्या आठवड्यात निघाली. अप्पा स्टेशनवर आले नाहीत. आईनं प्रवासासाठी केलेलं मेतकूट नि चिंचेचा कोळ, सगळंच तिच्या गाठोड्यात बांधून दिलं. आईचा तेवढाच धीर झाला, पण झाला. फलाटावर एक कारकून प्रत्येकाला तमिळमध्ये कामधंदा विचारून टिपून घेत होता. आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "समैयल." रांधते.

तिसऱ्या आठवड्यात आत्याच्या मुलाचं कार्ड आलं, आई पोचली म्हणून. ती तिथेच राहिली, लेकाच्या खानावळीत रांधू लागली. आमची सहल अप्पांनी 'उन्हाळा फार आहे' म्हणून मोडली. लोकांना मात्र ते सांगत, बहिणीला हवापालटासाठी सिलोनला धाडलंय. मी शेजारी उभी असताना सांगत!

लग्नानंतर मी आत्याला पत्र लिहून माफी मागितली. तिनं मुलाकडून उत्तर लिहवून घेतलं, की तू पोर होतीस, तुझी कसली माफी, मी तुझ्या वडलांच्या पत्राची वाट बघते आहे. ते मी माहेरी आणून अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, आणि आज तिथी कोणती ते पंचांगात बघत बसले. मी दौत नि टाक समोर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी दौत तशीच होती. पुढे दर खेपेला माहेरी गेले की मी विचारायचे, लिहिलंत का? लिहू की, ते म्हणायचे. अशी बारा वर्षं गेली.

मग एका सकाळी तार आली. मी तेव्हा माहेरीच होते. अप्पांनी ती वाचली, घडी घालून ठेवली, विहिरीवर गेले आणि बहीण गेल्याची आंघोळ केली. अंग पुसायला त्यांनी पंचा मागितला. मी दिला नाही.