शंभर मीटरच्या आतलं बाथरूम

तेर गावाच्या अलीकडं आमचं गाव. गावाला पांढऱ्या मातीचं एक जुनं टेकाड, अन् टेकाडाला एक निळी पाटी : हे स्मारक संरक्षित आहे, नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल. पाटी अगदी सुरक्षित आहे. टेकाड मात्र दर उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लोकांच्या रानात जातं, कारण त्या मातीनं पीक जोमात येतं.

माझ्या आईचे गुडघे गेले तेव्हा हा कायदा मला पहिल्यांदा भेटला. घराला लागून कमोडचं बाथरूम बांधायचं ठरवलं, विटा आणून टाकल्या. मी शाळामास्तर, म्हणून परवानगी घेण्याची खोड. पुरातत्त्व खात्याकडं अर्ज केला. आठ महिन्यांनी एक अधिकारी टेप घेऊन आले. एक टोक मी टेकाडाच्या कडेला धरलं, दुसरं त्यांनी आमच्या भिंतीला. मग मला बोलावून घेतलं.

"सत्त्याण्णव मीटर. शंभरच्या आत नवं बांधकाम बंद."

ओट्यावरून आई म्हणाली, "मग सायब, तीन मीटर पुढं जाऊन बसू का?"

ते बिचारे ओशाळले. तेवढ्यात माझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर पांढरी माती भरून आला. टेप रस्त्यात आडवा होता. साहेबांनी तो काळजीनं गुंडाळून वाट दिली.

"ही त्या टेकाडाचीच माती आहे," मी म्हणालो.

"लेखी तक्रार द्या."

दिली. कायदा लगेच हलला. महिन्याभरात नोटीस आली, ती मला : प्रतिबंधित क्षेत्रात विटांचा ढीग का केला, याचा खुलासा करावा.

आईनं नोटीस वाचून घेतली, काठी उचलली अन् तसल्या गुडघ्यांनी टेकाडाकडं निघाली. मी मागोमाग. चुलतभाऊ ट्रॉली भरत होता.

"काकू, तुमी कशाला आलाव?"

"काय काय निघालं, ते बघाय आले."

त्यानं खापरं दाखवली, अन् बोटाएवढा मातीचा बैल, एक शिंग मोडलेला. आईनं तो तळहातावर घेतला.

"कुणाच्या तरी लेकराचा हाय ह्यो. आन् तू ह्याला हरभऱ्याच्या रानात टाकायलास."

त्यानं फावडं मातीत रोवलं. "तुमच्या घरावरल्या माळवदालाबी हीच माती हाय की, काकू."

"व्हय. कळत नव्हतं तवा टाकली."

त्यानं ट्रॉली तिथंच रिकामी केली. पटलं म्हणून, की आई उन्हात उभी होती म्हणून, कुणास ठाऊक. त्याचा ट्रॅक्टर पुन्हा तिकडं गेला नाही. इतरांचे जातात, प्रत्येकाला अशी काकू नसते.

बैल मी कार्यालयात नेऊन दिला. कुठल्या फाईलला लावायचा, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी बाथरूमच्याच फाईलला लावला. दीड वर्षानं जुन्या न्हाणीच्या 'दुरुस्ती'ला परवानगी मिळाली अन् कमोड बसला. तोवर आईला भोक पाडलेल्या खुर्चीची सवय झाली होती. कमोड लई गार लागतो, म्हणते.