चार पानांची साक्ष

काळाचौकीच्या आमच्या चाळीतला गणपती कोणी सुरू केला, हे हल्ली मोबाईल सांगतो. चुकीचं सांगतो, आणि ते त्याला मी शिकवलंय.

तळमजल्यावर एक बाई खानावळ चालवायची. कोकणातून गिरणीत आलेले गडी तिच्याकडे दोन वेळ जेवायचे. माझे वडील त्यांतलेच; लहानपणी त्यांच्यासोबत मीही. पहिली मूर्ती तिनं आणवली, स्वतःच्या खोलीत बसवली. मंडळ झालं ते नंतर. मंडळाच्या अहवालात पदाधिकाऱ्यांची यादी छापतात. पदं सगळी पुरुषांना. जेवण रांधणारीला पद नव्हतं, म्हणून नावही नाही.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या वेबसाइटसाठी इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सर्वांत जुना अहवाल उघडला आणि यादीतल्या पहिल्या अध्यक्षांना संस्थापक करून टाकलं. खरं काय ते मला माहीत होतं. पण छापील कागदापुढे घरात ऐकलेलं मला हलकं वाटलं. पुढे माझं पान आणखी तीन साइटवाल्यांनी जसंच्या तसं उचललं.

माझी नोकरी परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरल्या काचेच्या इमारतीत. मोबाईलवर लोक विचारतात त्याची उत्तरं द्यायला संगणक इंटरनेट वाचून माहिती गोळा करतो. त्यातलं एकेक वाक्य आमच्यापुढे येतं. चार ठिकाणी सापडलं तर ‘बरोबर’ दाबायचं. गेल्या वर्षी आमच्याच मंडळाचं वाक्य आलं. चारही पानांवर माझीच वाक्यं होती. नियम आहे, असं मनाशी म्हटलं आणि ‘बरोबर’ दाबलं.

यंदा मंडपाच्या कमानीवर संस्थापकांचा फोटो लावायचं ठरलं. खानावळवालीची मुलगी, सत्तरीची आमची ताई, आईचा फोटो फ्रेम करून सभेला घेऊन आली. कार्यवाहानं तिच्यापुढे मोबाईल धरला; त्यावर संस्थापक म्हणून पहिल्या अध्यक्षांचं नाव होतं. मी उठून सांगितलं, ते मी लिहिलंय आणि ते चूक आहे.

“चार ठिकाणी आहे रे. तू एकटा,” कार्यवाह म्हणाला. “तुझ्याच मशीनला खोटं पाडतोस?”

सगळे हसले. अजूनही ते आठवलं की डोकं तापतं. मशीन कधी त्या खोलीत पाटावर बसलं नव्हतं, त्याला काय दोष द्यायचा? पण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचे बाप त्या बाईच्या हातचं जेवून पाळीला गेले होते. यांनाही चार पानं लागतात?

ताई माझ्याकडे वळली. “माझ्या आवशीच्या हातचा तूय जेवलंस मां रे? मगे असा कित्याक लिवलंस?”



आमच्या साइटवरचं पान मी त्याच आठवड्यात बदललं. ऑफिसात ते वाक्य पुन्हा तपासा म्हणून अर्ज केला. उत्तर आलं: तीन पानं विरुद्ध एक, आणि तपासनिसाची स्वतःची माहिती धरत नाहीत. त्या तीन साइटवाल्यांना लिहिलं. एकानं पुरावा मागितला. पुरावा म्हणून जोडायला माझ्याकडे होता तो जुना अहवालच.

कमानीवर अध्यक्षांचा फोटो लागला. ताईची फ्रेम तिच्या खोलीत गेली, जिथं पहिली मूर्ती बसली होती त्या भिंतीवर. खिळा मी ठोकला. हातोडी ताईनंच आणून दिली.