आधी हात, मग वही

यशोदाबाईंची माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला खाटेवरून उठवले तेव्हा. बायकोला, गंगूला, मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, भरला म्हणून टांग्यात घालून रुग्णालयात आणले होते; बाई तिथल्या मुख्य परिचारिका. धीर द्यायला मी तिच्या पायथ्याशी टेकलो. बाई म्हणाल्या, "उठा. खाट आजाऱ्याची आहे. धीर उभ्यानेही देता येतो." गिरणीत पाट्या वाहून मी नुकतेच स्वतःचे दोन माग टाकले होते, कोणी उठवण्याची सवय सुटत चालली होती. तरी उठलो.

आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या कार्याविषयी विद्वान मंडळी लिहितीलच. माझे शिक्षण चौथीपर्यंत. पाहिले तेवढे सांगतो.

नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुलींना बाई पहिल्या दिवशी पुस्तक देत नाहीत. खाटेवर उताणे निजवतात आणि बजावतात, "मी सांगेपर्यंत कूस बदलायची नाही." अर्ध्या तासात मुली रडकुंडीला येतात. मग बाई विचारतात, "आजारी महिनाभर असाच पडलाय. आता सांगा, त्याला किती वेळाने वळवायचं?" अंग पुसणे, आजाऱ्याला न उठवता चादर बदलणे, नाडी मोजणे, सारे त्या स्वतः करून दाखवतात. नियम एकच: आधी हात लावायचा, मग वहीत लिहायचे.

तो नियम गंगूच्या खाटेवर मोडला. मोहोळची माझी सासू उशाशी बसून असे. लक्ष्मी नावाची शिकाऊ मुलगी, विणकराघरची, गरम पाणी घेऊन आली की सासू पदर आडवा धरी. "परक्यापुढं पाठ उघडी टाकायची न्हाय. तोंड पूस अन् जा की." गंगूही मान हलवी. एकदा व्हरांड्यात लक्ष्मी मैत्रिणीला सांगत होती, "म्हातारी हातच लावू देत नाही गं. मी आपलं 'पाठ पुसली' लिहून टाकते." माझे कान तिखट, पलीकडच्या खोलीत मागाचा धागा तुटला तरी मला कळते. हेही ऐकले आणि गप्प बसलो. वाटले, बरे झाले. घरची लाज राहिली आणि पोरीलाही बोलणी बसली नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात ताप उतरू लागला आणि खाटेपाशी वास येऊ लागला. बाई येता येताच थबकल्या. सासूला बाजूला करून त्यांनी गंगूला कुशीवर वळवले. कमरेखाली पडून पडून झालेली तळहाताएवढी जखम, आत हाड दिसत होते. बाईंनी वही वाचली, लक्ष्मीकडे पाहिले. ओरडल्या नाहीत. "आजपासून ही जखम तू धुवायचीस. मी शेजारी उभी राहीन."

सोळा दिवस ती धूत होती, आणि रोज बाई शेजारी. गंगू एकदा म्हणाली, "बाई, पोरीला रागं भरू नगासा. मीच नगं म्हनले." सतराव्या दिवशी गंगू गेली. ताप कधीच उतरला होता.

लक्ष्मीला काढून टाकावे असे वरिष्ठांचे मत पडले. बाईंनी मला बोलावून विचारले, "तुमचं काय म्हणणं?" काढाच, असे म्हणायचे ठरवून गेलो होतो. पण त्यांच्यापुढे खरे तेच निघाले. "बाई, ती खोटं लिहिते हे मी ऐकलं होतं."

 बाई म्हणाल्या, "माझंही चुकलं. मुलींना हात लावायला शिकवलं. लाजणाऱ्या बाईची समजूत कशी काढायची ते शिकवलं नाही. आता शिकवीन. तुम्ही येऊन मुलींना हे सगळं सांगाल?"

लक्ष्मी राहिली. आज बायकांचा वॉर्ड तीच सांभाळते. एखादी सासू पदर आडवा धरू लागली की तिच्याच हाती चादरीचे टोक देते. "आजी, पडदा तुम्हीच धरा. बघणारी मी एकटी." आणि मी दर वर्षी नव्या मुलींपुढे उभा राहून गंगूची हकीकत सांगतो. सांगण्याची सवय काही झाली नाही.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "मामा, तुम्ही तेव्हा बोलला असता तर त्या वाचल्या असत्या?" बाई काही सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मी म्हणालो, "वाचली असती."

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अजून पुष्कळ मुलींना त्यांनी खाटेवर निजवावे. आणि मी ते उत्तर देताना त्या समोर बसलेल्या असाव्यात. त्या नसल्या तर मी काही दुसरेच सांगेन, अशी मला भीती वाटते.