बशीतला कापूर

"श्वास थांबवा! सगळ्यांनी!"

मॅडमच्या या आरोळीने गोडदेवच्या आमच्या प्रयोगशाळेच्या गाळ्यातले पंखेसुद्धा फिरायचे थांबत. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पाण्याला टेकलेली प्लॅटिनमची कडी यंत्र हळूहळू वर ओढायचं. पाणी तिला सोडेना, आणि ते किती जोराने धरून ठेवतंय हे मॅडम मोजायच्या. मी तिथे काचेची भांडी धुतो. त्या कडीपायी इतके श्वास रोखलेत, की आता अख्खी खाडी बुडून पार करीन.

काहीही विचारलं की त्यांचं एकच, "पाण्याला विचारलंत?"

फिट येणाऱ्या लहान मुलांचं एक औषध होतं. पाण्यात विरघळायचं नाव घेईना. मॅडम पाण्यात थेंबथेंब फॅटी ॲसिड सोडत बसायच्या. "पाटील, हे आधी वर पसरतं, तसा पाण्याचा ताण उतरतो. वरची जागा संपली की उरलेलं खाली जाऊन बारीक गोळे बांधतं. त्या गोळ्यांच्या पोटात आपलं औषध बसवायचं." ताण उतरायचा नेमका कुठे थांबतो, तो आकडा त्यांना हवा होता.

दसऱ्यापासून आकडा रोज वेगळा येऊ लागला. शेठ दारातूनच ओरडले, "मॅडम, शनिवार तक नंबर नहीं आया तो ये काम बंद. फायनल." मॅडमनी तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. चहा आला की नुसता बघून परत पाठवायच्या.

शुक्रवारी त्यांनी पूजेच्या ताटातला कापूर मागवला. बशीत शुद्ध पाणी, त्यावर कापराचा चुरा. काय सांगू तुम्हाला! कोणी हात न लावता कण गरागरा नाचायला लागले. मी तर हातच जोडले.

"एकेकाने बोट बुडवा."

दोन्ही केमिस्ट पोरींनी बुडवलं. नाच चालू. मी बुडवलं, आणि कण जागच्या जागी थिजले.

"तेलाचा अंश लागला की कापूर थांबतो. पाटील, खिशात काय आहे?"

खोबरं. दसऱ्याला यंत्रापुढे फोडलेल्या नारळाचा प्रसाद. टाकवेना, म्हणून सुकवून रोज एकेक तुकडा चघळत मी त्याच हातांनी भांडी विसळत होतो. बोटांचं तेल काचेला, काचेचं पाण्याला. मुलांचं औषध मी खोबऱ्यात बुडवायला निघालो होतो.

मॅडमनी उरलेले तुकडे कागदात बांधून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवले. "प्रसाद आहे, घरी न्या. आता कोपरापर्यंत हात धुवा, आणि सगळी भांडी पुन्हा."

शनिवारी आकडा आला. पुन्हा मोजला, तोच. तिसऱ्यांदा मोजला, तोच.

मॅडम आता निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेल्यात. गाळ्यात कोणी ओरडत नाही. कडी वर जायला लागली की माझा श्वास मात्र आपोआप थांबतो. भांडी धुऊन झाली की बशीत कापूर टाकून बघतो, नाचतोय ना.

त्या शनिवारी शेठनी विचारलं होतं, "मॅडम, इतके दिवस वाया गेले ते कोणामुळे?" मी यंत्रामागे उभा होतो.

मॅडमनी आकडा वहीत लिहिला. वही मिटली.

"खोबऱ्यामुळे."